कोरी रांग

आमच्या प्रयोगशाळेत तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त लागलं की बाहेर कोणाला विचारत नाहीत, आपलीच बाही वर करतात. या वेळी मी आणि आमच्या वरिष्ठ शुभदाताई होतो.

नवी अँटिबॉडी आली होती. एवढ्याशा कुपीत पाण्यासारखा थेंबभर द्रव. कोलेस्टेरॉलची विल्हेवाट लावणारं एक एन्झाइम, तेवढंच तिला ओळखता येतं. ते सापडलं की त्या माणसाच्या रक्ताच्या रांगेत काळी रेघ उमटते. आमच्या रुग्णांत ते जन्मतःच नसतं, म्हणून कोलेस्टेरॉल साठून त्यांच्या टाचांमागे गाठी येतात. त्यांच्या रांगा कोऱ्या राहणार, आम्हा दोघींच्या रांगेत रेघ येणार, हे ठरलेलंच होतं.

चित्र आलं. माझी रांगही कोरी.

"अँटिबॉडीच खराब निघाली," मी चिडून म्हणाले.

"मग माझी रेघ कशी आली गं?" शुभदाताई हळूच म्हणाल्या.

पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तेच.

निरोगी हा शब्द आपण धुतलेल्या कोटासारखा किती सहज अंगावर चढवतो! नेमका प्रश्न कोणी विचारत नाही तोवर शरीर गप्प असतं, आणि त्या गप्प बसण्यालाच आपण तब्येत म्हणतो. माझ्या दादाच्या टाचेमागे कित्येक वर्षं एक गाठ आहे. बूट चावतो म्हणून आली, असंच आम्ही घरात धरून चाललोय.

कुपीवर बारीक अक्षरांत लिहिलंय की ही फक्त संशोधनासाठी आहे, रोगनिदानासाठी नाही. ताईंनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. मी मान हलवत होते, आणि टेबलाखाली एका पायाच्या अंगठ्यानं दुसऱ्या पायाची टाच चाचपत होते.