भोंगा पक्षी बघायला जातो

भोंगा हे त्याचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव घेतलं तर त्याच्या घरचेसुद्धा विचारतील, कोण? कारखान्यात लोखंड ठोकायच्या खात्यात त्यानं उभा जन्म काढला. तिथं ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नसे. निवृत्त झाला, खातं सुटलं, आवाज काही सुटला नाही. घरात "मीठ दे" म्हणाला की शेजारचे मीठ घेऊन येतील, असा.

दिवसभर टीव्हीशी भांडायचा. शेवटी सूनबाईनं त्याच्या गळ्यात दुर्बीण अडकवली. "बाबा, रविवारी पक्षी बघायला जात जा. तुम्हालाही बरं, आम्हालाही." पक्ष्यांना कुणी विचारलं नाही.

मी एका गटाबरोबर आधीपासून जात होतो, तो माझ्यामागं आला. गावाबाहेर तीन वाटा. तळ्याची सपाट, बगळे, बदकं, खंड्या दिसतात. कष्ट नाहीत म्हणून गर्दी. जुन्या खाणीची वाट सुट्या दगडांची. पाय बघावा की पक्षी, हे ठरवावं लागतं. तिसरी पाण्याच्या टाकीमागून चढते. दम काढते, पण सुतार, हळद्या आणि नशीब असेल तर घुबड तिथंच. चालायची तर तीच.

भोंग्याला पक्ष्यांचं वेडच लागलं. सगळ्यांच्या आधी दाढी करून फाटकाशी हजर. पण पक्षी दिसला की तोंड उघडायचं.

"ए वरच्या! तो बघ!"

वरच्या म्हणजे मी. कारखान्यात छताखालची क्रेन माझ्याकडे होती. मी मान वळवीपर्यंत फांदी रिकामी.

आमचा गट चालवतात दातांच्या डॉक्टरीणबाई. गोड बोलून दात काढायची सवय. त्या म्हणाल्या, "काका, पुढच्या रविवारी टाकीमागं जायचंय. एकदा जरी ओरडलात, तर तुमचं येणं बंद."

परत जाताना भोंग्यानं एकाही झाडाकडे बघितलं नाही. त्याच्या दारात पोचल्यावर म्हणाला, "पुन्हा त्या टीव्हीसमोर बसवू नका रे मला." तेही ओरडूनच.

रविवारी तो तोंडाला रुमाल बांधून आला. गटातल्या शिंपीबुवांनी विचारलं, "आज बँक कुठली लुटायची?" भोंग्यानं रुमालाची गाठ आणखी घट्ट केली. चढावर मीही बोलत नाही. बोलणारा दम वाया घालवतो, मग वळणावळणावर बसतो.

खिंडीजवळ भोंगा थबकला. त्यानं हात उंचावून बोट गोल फिरवलं. माझी मान आपसूक वर गेली. कारखान्यात तो खाली माल साखळीला अडकवायचा आणि हातांनी मला खुणा करायचा. त्या गोंगाटात दुसरा इलाज नव्हता. तळहात आडवा झाला, मी थांबलो. मग अंगठा डावीकडे. मग दोन बोटं जवळजवळ, म्हणजे अगदी किंचित.

"काय करताहेत हे?" डॉक्टरीणबाई कुजबुजल्या.

"माल कुठं आहे ते सांगतोय."

खोडाच्या ढोलीत, खोडाच्याच रंगाचं घुबड बसलं होतं. मी एकेकाला दाखवलं. शिंपीबुवांना सगळ्यात शेवटी दिसलं. सुईत दोरा ओवायला त्यांना नातच लागते. त्यांनी हात जोडले. भोंग्याला राहवलं नाही. रुमाल खाली ओढून तो म्हणाला,

"दिसलं का?"

खिंड दणाणली. पोपटांचा थवा उडाला. घुबडानं एक डोळा उघडला, भोंग्याकडे बघितलं आणि मिटला.

"ह्याच्या खात्यातलंच दिसतंय," शिंपीबुवा म्हणाले.

भोंग्याचा चेहरा उतरला. "चुकलो, बाई. जातो मी घरी." इतकं हळू बोलताना मी त्याला जन्मात ऐकलं नव्हतं. तो खरंच उतरायला लागला.

"काका, थांबा." हसू आवरायला डॉक्टरीणबाई दगडावर बसल्या होत्या. "इतकी वर्षं येतेय, इथं घुबड मला कधी दिसलं नव्हतं. यापुढे तुम्ही सगळ्यांच्या पुढे चालायचं. चांगलं लांब."

"मग मी बोलू कुणाशी?"

"म्हणूनच."

भोंग्यानं रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि आम्ही उठायच्या आत पुढच्या चढाला लागलासुद्धा.