पाचातून एक

“आम्ही काय तिला ओढून नेतोय का, आत्या? माणसासारखं विचारतोय!”

“विचारत नाहीयेस, सांगतोयस. आल्यापासून चौथ्यांदा. आणि आवाज जरा खाली कर, खालच्या शिंपिणीला एव्हाना सगळं पाठ झालं असेल.”

मुलगा जेवणाच्या टेबलापाशी उभा होता, सून गाल फुगवून खुर्चीत, आणि आत्या, म्हणजे त्याच्या आईची मोठी नणंद, पलंगावर ठाण मांडून. ज्यांच्यावरून हे रण माजलं होतं त्या त्याच्या आई, शाळेतल्या बाई, खिडकीपाशी दुसरीच्या वह्या तपासत बसल्या होत्या. शनिवारची अर्धी शाळा करून नुकत्याच आल्या होत्या, बाहीला खडू तसाच. आपल्याविषयी बोलणं चाललंय हे त्यांना कळत होतं, पण ते शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं कानावर पडत होतं.

चार महिन्यांपूर्वी नवरा गेला. सकाळी त्यानं दाढीला गरम पाणी मागितलं, आणि बाई ते घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पाचव्या दिवशी बाई शाळेत हजर. रडल्या नाहीत. रडू येतच नव्हतं, त्याला त्या तरी काय करणार? भाजीत मीठ दोनदा पडायचं, तेवढंच.

मुलाचं म्हणणं असं, की नोकरीची दोन वर्षं राहिलीत ती सोडून दे, घराला कुलूप लाव आणि आमच्याकडे ये. आत्यानंही यावं.

“मी? तुझ्या त्या नवव्या मजल्यावर?” आत्या म्हणाली. “कबुतर आहे का मी?”

“थट्टा पुरे, आत्या. इथे आईला कोण आहे?”

“मी काय फर्निचर आहे?”

“अहो, शाळेला तरी आई कुठे हव्यात?” सून मध्येच म्हणाली. “मोठ्या बाईंनी चक्क चिठ्ठी दिलीय त्यांना.”

चिठ्ठी खरी होती. ‘सुट्टीचे चित्रांचे पुस्तक यापुढे वर्गात आणू नये. मुलांची उत्तरे चुकतात.’ खाली मुख्याध्यापिकेची सही.

नवरा छापखान्यात बाइंडिंगला होता. एकवीस वर्षांपूर्वी ते पुस्तक तो बाद मालातून घेऊन आला. एक कुटुंब सुट्टीला निघतं. आगगाडी, तळं, होडी, पट्ट्यापट्ट्यांची छत्री, आणि परत घर. आत शब्द एकही नाही. बाद अशासाठी, की डावीकडच्या पानावर होडीत पाच माणसं चढतात आणि उजवीकडच्या पानावर होडीत चारच. बाप गायब. चित्रकार त्याला काढायलाच विसरला होता.

“बुडाला की काय हा?” बाईंनी विचारलं होतं.

नवरा सुटी पानं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, “बुडतोय कशाला? फोटो काढतोय.”

त्या एका पुस्तकावर बाईंनी दुसरीचं वर्षच्या वर्ष ओढलं. स्टेशनातल्या घड्याळावर वेळ, छत्रीच्या पट्ट्यांवर तीनचा पाढा, ‘सुट्टी’ लिहून घेऊन जोडाक्षर, आणि होडीवर वजाबाकी. पाचातून एक गेला, किती उरले? “चार!” मग तो एक कुठाय? “फोटो काढतोय!” वर्ग खिदळायचा. शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणायच्या, तुमचं बरं आहे, रोज सहल.

घोळ झाला यंदाच्या सहामाहीत. पेपर दुसऱ्या शाळेत तपासायला गेले होते. झाडावर पाच पक्षी होते, एक उडाला, किती उरले? बाईंच्या वर्गातल्या अकरा मुलांनी लिहिलं, पाच. दोघांनी तर पुढे लिहिलं, एक फोटो काढतोय.

एकवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पण यंदा होडीचा धडा घेताना फळ्यावर बाईंनीच पाच लिहिलं होतं. पाचातून एक गेला, उरले पाच. मुलांनी निमूट उतरवून घेतलं. का लिहिलं, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. कुणी विचारलंही नाही.

आज त्यांनी तो धडा पुन्हा घेतला, पुस्तकाशिवाय. फळ्यावर होडी काढली, तिच्यात पाच उभ्या रेघा काढल्या, आणि शेवटची रेघ डस्टरनं पुसली.

“किती उरले?”

पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी हळूच म्हणाली, “बाई, तो फोटो काढतोय ना?”

“नाही. तो गेला. चार लिहा.”

“कुठे गेला?”

“चार लिहा.”

अठ्ठावीस माना खाली गेल्या. घंटा झाली तशा बाईंनी वह्या गोळा केल्या, पिशवीत भरल्या आणि घरी आणल्या. पंचवीस वह्यांत चार होतं. तीन वह्यांत अजून पाच. एकीतल्या पाचावर तर दोनदा पेन्सिल फिरवून तो ठसठशीत केलेला. बाईंनी लाल पेन उचललं, त्या पाचावर धरलं, आणि टोपण लावून ठेवून दिलं.

“आई, तू तरी काही बोल!” मुलगा म्हणाला. “आम्ही एवढं घसा कोरडा करतोय, आणि तुझं आपलं वह्या.”

“मी येत नाही,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे? आत्ता नाही, की कधीच नाही?”

“तीन मुलांचं अजून पाच येतंय. मी चुकीचं शिकवलं, मलाच सुधारायला हवं.”

“तीन मुलांसाठी?” सून नवऱ्याकडे बघत म्हणाली. “अहो, ऐकताय ना?”

आत्यानं बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, हट्टही नव्हता. हजेरी घेताना असतो तसाच तो होता.

बाईंनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला.

“दोन वर्षं मी शाळा करणार. वन्सं माझ्याबरोबर इथेच राहतील. ह्यांचे कपडे वरच्या कपाटात आहेत, ते उद्या जाताना तू घेऊन जा.”