मावशीची पडद्याकडे न बघण्याची सवय

एकतीस वर्षं मावशीने कचेरीत टायपिंग केलं आणि चुकीसाठी तिचा एकही कागद परत आला नाही. हे ती दिवसातून दोनदा सांगते, म्हणून मला तोंडपाठ आहे. टाइप करताना तिची नजर हस्तलिखितावर असते, बोटं आपली आपण चालतात. मान वर करून बघणं हे तिच्या मते कच्च्या टायपिस्टचं लक्षण.

निवृत्तीनंतर शेजारच्या प्राध्यापकांनी आपलं पुस्तक तिच्याकडे टाइप करायला दिलं, म्हणून तिने नवाकोरा कॉम्प्युटर घेतला. आठवड्याभरात पहिलं प्रकरण परत आलं. चार ठिकाणी ओळीच्या ओळी गायब! मावशीचं तोंड एवढंसं झालं. "हात गेले गं माझे," म्हणाली, आणि हस्तलिखित परत करायला उठलीच.

मी तिला पुन्हा खुर्चीत बसवलं, टाइप करायला लावलं आणि मागे उभी राहिले. दहा मिनिटांत पडद्यावर एक चौकट उगवली: संरक्षण घ्या. बाईसाहेब कागदात बघत त्या चौकटीतच दोन ओळी बडवत राहिल्या. मग एंटर मारला. चौकटीने तो होकार धरला आणि आणखी एक खेळ घरात आणून बसवला. मला हसू आवरेना. हात शाबूत होते. कंपनीने कॉम्प्युटरमध्ये आधीच भरून दिलेली बिनकामाची बिऱ्हाडं मधेमधे लुडबुडत होती.

मी त्या बिऱ्हाडांची यादी उघडली आणि मावशी एकेकाची उलटतपासणी घ्यायला लागली. पत्त्यांचे खेळ काढले. हवामान सांगणारा आला, तर म्हणाली, मला खिडकी आहे. कॉम्प्युटरला स्वतःचं संरक्षण आहे अशी खात्री करून त्या संरक्षणवाल्यालाही नारळ दिला. एकजण काही केल्या निघेना, त्याला नुसतं बंद केलं.

"आमच्या हेडक्लार्कसारखा," मावशी म्हणाली. "खुर्ची सोडायचा नाही, पण गप्प तरी बसेल."

दोन महिन्यांत पुस्तक पुरं झालं. मग एका सकाळी प्राध्यापक सर एक पान घेऊन आले. त्यात एक वाक्य दोनदा आलं होतं. मावशीने हस्तलिखित काढून त्यांच्यापुढे धरलं. सरांनीच ते दोनदा लिहिलं होतं.

सर मनापासून हसले आणि चूक आपली म्हणून मोकळे झाले. तेव्हापासून मावशी दिवसातून दोनदा सांगते, "एकतीस वर्षं आणि एक पुस्तक." पहिलं प्रकरण ती कॉम्प्युटरच्या नावावर टाकते.