मामूंची पूर्ण यादी

मामू गेल्याचं अम्मीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी कॉलेजच्या लॅबबाहेर उभी होते. फोन ठेवून आत गेले, प्रयोग पूर्ण केला, वहीवर सही घेतली आणि मग जिन्यात बसून रडले. असं का केलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्याला आता पाच आठवडे झाले. लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

मामू म्हणजे अम्मीचे थोरले भाऊ. रत्नागिरीजवळच्या गावातून बारावी करून आले आणि अबुधाबीतल्या एका कंपनीत स्टोअरकीपर झाले. काही देशांनी मिळून टेहळणीची लष्करी विमानं ठेवली आहेत, पाठीवर मोठ्या थाळीसारखं रडार असलेली. त्यांची तांत्रिक देखभाल ही कंपनी करते. वर्षातून एकदा त्या देशांचे अधिकारी एकत्र बसतात आणि देखभालीसाठी किती पैसा द्यायचा ते ठरवतात. त्यांच्यासमोर जाणारी सुट्या भागांची यादी मामू करायचे. विमानांबद्दल ते अवाक्षर काढत नसत. स्वतःची एक चूक मात्र त्यांनी मला सविस्तर सांगितली होती.

तेव्हा मी अबुधाबीतच हॉस्टेलवर राहून पहिल्या वर्षाला शिकत होते. अब्बा दुबईत टॅक्सी चालवतात. दुसऱ्या सेमिस्टरची फी जमणार नव्हती, म्हणून कॉलेजच्या मदतीचा अर्ज भरून मी खलिफा सिटीला मामूंच्या घरी दाखवायला नेला. मदत मिळाली नाही तर मला दुबईला, अल मनखूलच्या घरी परत जावं लागणार होतं. मामूंनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला.

"फी एवढी, आणि तू मागतेस त्याच्या निम्मी. उरलेली कोण देणार?"

"अब्बा बघतील."

"विचारलंस त्यांना?"

"नाही..."

"मग त्यांच्या नावावर परस्पर कसं टाकलंस गो?"

मी म्हटलं, जास्त मागितलं तर काय म्हणतील? आधीच आपण मागणारे. मामूंनी चष्मा काढून अर्जावर ठेवला. मग म्हणाले, नवीन होतो तेव्हा मीही हेच केलं. एवढे मोठमोठे अधिकारी, आपण कोण मागणारे, असं वाटून त्यांनी गरजेच्या निम्मेच भाग यादीत लिहिले. यादी एकही प्रश्न न येता मंजूर झाली, साहेबांनी पाठ थोपटली. सहा-सात महिन्यांत भाग संपले. एक विमान कित्येक आठवडे हँगरमध्ये उभं राहिलं आणि चांगले कसलेले टेक्निशियन हात बांधून बसले. पुढच्या बैठकीत मामूंनी उभं राहून सांगितलं की यादी माझी होती. नोकरी जाणार अशीच त्यांची खात्री होती. एक वयस्कर अधिकारी फक्त एवढंच म्हणाला, "तुम्ही मागितलं ते आम्ही दिलं. लागणार किती होतं, ते तुम्ही सांगितलंच नाहीत."

"मला वाटायचं मी साधेपणाने वागतोय," मामू म्हणाले. "पण मी त्यांना खोटी यादी दिली होती. यल्ला, चल, खोड ते."

मी पूर्ण फी लिहिली. पुस्तकं लिहिली, बसभाडं लिहिलं. मदत का हवी, या रकान्यात मी आधी लिहिलं होतं, 'माझं भविष्य घडवण्यासाठी.' मामू हसले. "भविष्य राहू दे. पैसे आले नाहीत तर सोमवारी काय थांबेल, ते लिही." मी लिहिलं की दुसऱ्या सेमिस्टरला नाव नोंदवता येणार नाही. समितीतल्या बाईंनी बोलावून विचारलं तेव्हाही आकडा मी तोच सांगितला. बसभाडं सोडून सगळं मंजूर झालं. मामूंना फोन केला तर म्हणाले, "बसचं माझ्याकडे. खलास."

यंदाचा अर्ज मी एकटीने भरला. पूर्ण भरला. उत्तर यायचंय.

गेल्या शुक्रवारी मामींकडे गेले होते. मामूंच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल तसंच आहे, पेन्सिली टोक काढून ठेवलेल्या. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी, अभ्यास होत नाही, आणि परीक्षा तोंडावर. दारात उभी राहून बराच वेळ शब्द जुळवत होते. मामी म्हणाल्या, "कधी एखाद दिवस येऊन बसत जा अभ्यासाला." मी मान हलवणार होते... पण म्हटलं, "मामी, मला ही खोली रोज लागेल. परीक्षा होईपर्यंत, रोज संध्याकाळी."

मामींनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"आणि जेवण? ते नाही मागितलंस?"

मी खांद्यावरची पिशवी उतरवून दाराशी ठेवली.

"बोल, भाकऱ्या किती टाकू?"

दोन म्हणणार होते. भूक चारची होती.

"चार," मी म्हटलं.