भिंतीकडची खुर्ची

तेलीबांध्याच्या आमच्या ऑफिसात महिन्यातून एका शनिवारी दुपारी आम्हा लहान लेकरांच्या आयांची बैठक भरते. नोकरी करणाऱ्या आयांनी एकमेकींना आधार द्यावा, असा हेतू. तो कसा द्यायचा हे शिकवायला एक भैया येतात. त्यांचं लग्न अजून व्हायचं आहे.

तिथं खालच्या मजल्यावरच्या ऑफिसातली एक बाई यायची. नाव मी कधी विचारलं नाही. ती भिंतीकडची खुर्ची धरायची, चपला काढायची, ओढणीची घडी मानेखाली घ्यायची. ध्यानाच्या वेळी भैयांनी "आंखें बंद कीजिए" म्हटलं की लगेच डोळे मिटायची. उघडा म्हटल्यावर मात्र उघडायची नाही.

एकदा चहाच्या वेळी मी विचारलं, "घरीच काहून नाही झोपत?"

"घरी आडवी झाली की सासू विचारते, तब्येत खराब आहे काय. मीटिंग आहे म्हटलं की पोट्ट्याले सांभाळून घेते."

पुढच्या महिन्यात मी मुद्दाम लवकर गेले. भिंतीकडची सगळी रांग डोळे मिटून बसली होती. तिनं एक डोळा उघडला आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलली.

"दीदी, लवकर झोपा," ती म्हणाली. "भैया येऊन राहिले."