मीठ मुरेपर्यंत

मटणाला मीठ चोळून झालं की चाचा चुलीकडे पाठ करून बसायचे. आता तासभर कुणी काडी ओढायची नाही.

चौसाळ्यात आमचं भाड्याच्या भांड्यांचं दुकान. लग्नाचं, दर्ग्याच्या नवसाच्या कंदुरीचं मटण रांधायला चाचा पाटोद्याहून यायचे आणि पातेली मी पोचवायचो. घाईला आलेला यजमान तुम्हीही पाहिला असेल. "चाचा, पाव्हणे आले, पेटवा की!"

"पाव्हने थांबतेत. आत्ता पेटवलं तर चामडं चावत बसाल. मीठ लागलं की गोश्त आधी पानी सोडतं. ते पानी त्यालाच परत पिऊ द्या." मग माझ्याकडे वळून, "समजलं का बे?" मी चाळिशी ओलांडली तरी त्यांना 'बे'च होतो.

एका लग्नात त्यांनी मीठ चोळलं, वर कापड झाकलं. थोड्या वेळानं उठले, कापड काढलं आणि ओंजळी भरभरून पुन्हा मीठ चोळलं. मी दहा पावलांवर उभा होतो. या माणसाला मिठातलं मी काय सांगणार, म्हणून गप्प राहिलो.

पहिल्या पंगतीनं पहिलाच घास थुंकला. यजमान भरल्या मांडवात ओरडले, "म्हातारपणी डोकं फिरलं का तुमचं?"

"म्या एकदाच टाकलं," चाचा म्हणाले. मग त्यांनी मला शोधलं. "हा व्हता तिथं. सांग बे, दोनदा टाकलं का म्या?"

"मी भांडी उतरवत होतो. लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

त्यांची लाज राखली, असं मी स्वतःला सांगत आलो. पाहिलंस तर बोलला का नाहीस, हा प्रश्न माझ्यावर आला असता, हेही तितकंच खरं.

पुढं त्यांना कुणी बोलावलं नाही. पाटोद्याला माझं जाणं व्हायचं, पण त्यांच्या गल्लीत मी वळलो नाही.

गेल्या हिवाळ्यात चाचा वारले. मला कळेपर्यंत माती झाली होती. दुसऱ्या दिवशी गेलो आणि दारातच त्यांच्या लेकीला सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "अब्बा रोज इचारायचे, म्या दोनदा टाकलं का? आमी काय सांगनार? आमी तिथं न्हवतोच."

मी निघायला वळलो.

"अब्बाला सांगायला पायजे व्हतं, भाऊ," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं पडदा ओढून घेतला.