गोधडीच्या काठातली लाल पट्टी

मैत्रिणींनो, आज दुपारी माझी फजितीही झाली आणि लई आनंदही!

नेकनूरच्या सखूमावशी शेळ्या राखतात. त्यांच्या तान्ह्या नातीसाठी मी मशीनवर गोधडी शिवत होते. काठात मावशींच्या लेकीच्या जुन्या फ्रॉकची दुमडलेली लाल पट्टी होती. तिची एक कड मोकळी सोडून बाजूनं टीप मारायची होती, पण टीप वीतभर पट्टीवरूनच गेली. उसवून पुन्हा नीट मारली, गोधडी पुरी केली, तरी पट्टीवर सुईची भोकं राहिली.

मावशी लेकीला आणि नातीला घेऊन आल्या. मी भीत भीत भोकं दाखवली.

"अगं, ह्या फ्रॉकचा निम्मा घेर शेळीनंच खाल्ला व्हता! भोकांचं काय घेऊन बसलीस?" मावशी खळखळून हसल्या.

तेवढ्यात नातीनं मोकळी कड मुठीत धरली. काही केल्या सोडेना! शेवटी तिला गोधडीसकटच उचलून नेलं.

तुम्ही बाळाच्या गोधडीत कुणाचा कपडा लावला असता?